मनगटावरचा आकडा किती खरा?

घड्याळाने वेळ सांगावी, फार तर वार व तारीख दाखवावी, यापलीकडे ज्या पिढीने त्याच्याकडून काही मागितले नाही, त्याच पिढीच्या मनगटावर आज नाडीचे ठोके, चाललेली पावले, झोपेचे तास आणि रक्तदाब असे सारे काही मोजल्याचा दावा करणारे यंत्र येऊन बसले आहे. मुलाने दिवाळीला आणून दिलेले असे घड्याळ बांधून सकाळी फिरावयास निघणारे सेवानिवृत्त गुरुजी आणि कचेरीत दुपारच्या चहाला एकमेकांचे आकडे ताडून पाहणारे कारकून, हे दृश्य आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. यातील पावलांचा आकडा शे-दोनशेने चुकला, तर कोणाचे काही बिघडत नाही. रक्तदाबाची गोष्ट तशी नव्हे. गोळी सुरू करावयाची की नाही, चालू असलेली वाढवावयाची की थांबवावयाची, हे ज्या आकड्यावरून ठरते, तो आकडा कोणी, कसा आणि किती चोखपणे काढला हा प्रश्न चैनीच्या वस्तूंच्या सदरात टाकून देता येत नाही.

रक्तदाब मोजण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उभी काचनळी जोडली आणि रक्त ८ फूट ३ इंच उंच चढल्याचे पाहिले. हा वृत्तांत त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. असे मापन माणसावर करणे अर्थातच अशक्य होते. पुढे फ्रान्समध्ये प्वाझय याने १८२८ साली पाऱ्याची नळी वापरली, आणि तेव्हापासून दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याची रीत पडली. कातडी न कापता दाब मोजण्याचे व्यवहार्य साधन मात्र १८९६ साली इटलीतील तुरीन येथे रिवा-रोची यांनी दिले. दंडाला हवेचा पट्टा गुंडाळावयाचा, मनगटाची नाडी बंद होईपर्यंत तो फुगवावयाचा आणि नाडी परत लागते तो आकडा टिपून घ्यावयाचा, इतकी ती सोपी युक्ती होती. या रीतीने केवळ वरचा दाब कळे. १९०५ साली रशियन सैनिकी वैद्यक अकादमीतील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर श्रवणनळी ठेवली, आणि पट्टा सैल करताना ऐकू येणाऱ्या व नंतर विरणाऱ्या आवाजांवरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब सांगता येतात, हे दाखवून दिले. त्यांचे मूळ टिपण एक पानभरही नाही. त्या एका पानावर जगातील दवाखाने शंभराहून अधिक वर्षे चालले आहेत. पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध २०१३ साली झालेल्या मिनामाता करारामुळे पाऱ्याची नळी हळूहळू अडगळीत गेली, तिच्या जागी विजेऱ्यांवर चालणारी यंत्रे आली. दंडाचा पट्टा मात्र राहिला.

हा पट्टा निर्दोष आहे असे मुळीच नाही. किंबहुना त्याच्यातील उणिवा ध्यानात घेतल्याखेरीज मनगटी यंत्रांमागील शास्त्रज्ञांची धडपड समजणार नाही. माणसाचा रक्तदाब हा उंची किंवा वजनासारखा ठरलेला आकडा नाही. जिना चढला, साहेबाने बोलावले, वर्गात मुले गोंगाट करू लागली की तो वाढतो; झोप लागली की उतरतो. दवाखान्यात चार-सहा महिन्यांनी एकदा पट्टा बांधणे म्हणजे चालत्या गाडीच्या खिडकीतून एकच छायाचित्र काढून सबंध प्रवासाचे वर्णन करणे होय. कित्येकांचा दाब डॉक्टरांच्या समोर बसल्यानेच चढतो आणि घरी गेल्यावर रास्त होतो. याउलट काहींचा दवाखान्यात अगदी सरळ असतो, पण कामाच्या जागी व घरी चढलेला राहतो. ही दुसरी जात अधिक फसवी, कारण तिच्यावर उपचारच होत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रात्रीची. निरोगी माणसाचा दाब झोपेत साधारणतः दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. ज्यांचा तो तसा उतरत नाही, त्यांना पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका अधिक असतो, हे गेल्या काही दशकांच्या अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. आता हा रात्रीचा दाब मोजावयाचा कसा? कमरेला यंत्र व दंडाला पट्टा बांधून चोवीस तास मोजण्याची सोय आहे. पण रात्री अर्ध्या-अर्ध्या तासाने पट्टा दंड आवळू लागला की झोपलेला माणूस जागा होतो आणि ज्या झोपेतील दाब मोजावयाचा ती झोपच मोडते. झोप न मोडता, दंड न आवळता, रात्रभर ठोक्यागणिक दाब सांगणारे यंत्र निघाले, तर वैद्यकाला ते हवेच आहे. तेव्हा या शोधामागे केवळ व्यापाऱ्यांची हाव आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

या दिशेने पहिले भरीव पाऊल मनगटावर नव्हे, बोटावर पडले. चेकोस्लोव्हाकियातील यान पेन्याझ यांनी १९७३ साली अशी रीत मांडली की बोटाला लहानसा पट्टा लावून प्रकाशाच्या साह्याने धमनीतील रक्ताचे आकारमान सतत पाहावे आणि ते बदलू लागताच पट्ट्यातील हवा तितक्याच चपळाईने कमीजास्त करून ते स्थिर राखावे. मग पट्ट्यातील दाब हाच धमनीतील दाब. पुढे नेदरलँड्समध्ये यावर यंत्रे तयार झाली आणि प्रयोगशाळांत व शस्त्रक्रियागृहांत ती उपयोगात आली. येथे यंत्र दाब प्रत्यक्ष मोजते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मनगटावरचे घड्याळ असे काही करीत नाही. त्याच्या पाठीला लहान दिवे असतात, बहुधा हिरवे. त्यांचा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त त्याचा काही भाग शोषून घेते, उरलेला परत येतो आणि शेजारचा संवेदक तो टिपतो. ठोक्याबरोबर रक्ताची लाट आली की परतणारा प्रकाश कमी होतो. अशा रीतीने नाडीच्या लाटेचा आकार कागदावर काढावा तसा मिळतो. काही यंत्रे हृदयाच्या विद्युत्-लहरीपासून नाडीची लाट मनगटापर्यंत पोचावयास किती वेळ लागला, हे पाहतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाऊन ताठ होते आणि ताठ नळीतून लाट वेगाने धावते, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात मून्स व कोर्टेवेग यांनी मांडले होते. ते खरेच आहे. पण धमनीचा ताठरपणा हा दाबाखेरीज इतर कारणांनीही बदलतो. वय, थंडी, तंबाखू, औषधे, धमनीच्या भिंतीतील स्नायूंचे आकुंचन, या सर्वांचा त्यात वाटा असतो. म्हणजे लाटेचा आकार व वेग ही साक्ष झाली. तिच्यावरून दाब किती असावा, हे यंत्र गणिताने अनुमानिते. मापन आणि अनुमान यांतील हा फरक जाहिरातीत कोठेही दिसत नाही. मनगटालाच खरोखर फुगणारा चिंचोळा पट्टा असलेले घड्याळही निघाले आहे आणि ते मापनाच्या सदरात मोडते. पण बाजारात खपतात ती बहुसंख्य यंत्रे या जातीची नव्हेत.

अनुमानाला आधार हवा म्हणून यातील प्रामाणिक यंत्रे आरंभी दंडाच्या पट्ट्याशी जुळवून घ्यावी लागतात. दक्षिण कोरियाच्या औषध नियामकांनी २०२० साली सॅमसंगच्या घड्याळातील रक्तदाबाच्या सोयीला मान्यता दिली, तेव्हा दर चार आठवड्यांनी पट्ट्याने दाब घेऊन ती नव्याने जुळवावी, अशी रीतच होती. स्वित्झर्लंडमधील अक्तिया या संस्थेच्या कंकणासोबतही जुळणीसाठी दंडाचा पट्टा देण्यात येतो. म्हणजे पट्ट्याला रजा देण्यासाठी निघालेले यंत्र महिन्याकाठी त्याच पट्ट्याच्या दारी जाते.

येथे एक गंमत, खरे तर गोम आहे. समजा, एखाद्या यंत्राला काहीच कळत नाही. जुळणीच्या वेळी सांगितलेला आकडाच ते किरकोळ फेरफार करून पुनःपुन्हा दाखवते. शांत बसलेल्या माणसावर दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा घेतली, तर ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल! कारण त्या माणसाचा दाब फारसा बदललेलाच नसतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी उत्तरे सांगून ठेवलेल्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार. दंडाच्या पट्ट्याच्या यंत्रांची परीक्षा आंतरराष्ट्रीय मानकानुसार निदान ८५ माणसांवर होते. तीत सरासरी चूक ५ मिलिमीटरांच्या आत आणि चुकांचा प्रमाण-विचलनांक ८ च्या आत असावा लागतो. ही कसोटी अनुमान करणाऱ्या यंत्रांना पुरी पडत नाही, हे ओळखून युरोपीय उच्च रक्तदाब संघाने २०२३ साली त्यांच्यासाठी सहा वेगळ्या चाचण्या सुचविल्या. हात वरखाली केल्यावर काय होते, औषध सुरू केल्यावर उतरलेला दाब यंत्राला कळतो काय, झोपेतील उतार ते टिपते काय, व्यायामातील चढ दिसतो काय, पुढच्या जुळणीची वेळ येईपर्यंत ते टिकून राहते काय, असे ते प्रश्न आहेत. प्रश्न साधे दिसतात, परंतु जे यंत्र यांत नापास होते, त्याचा रुग्णाला उपयोग शून्य; कारण ज्या बदलासाठी ते बांधावयाचे, तो बदलच त्याला दिसत नाही.

हाताच्या उंचीचा प्रश्न तर शाळेतील पदार्थविज्ञानाचाच आहे. हृदयाच्या पातळीखाली दर सेंटिमीटरला धमनीतील दाब पारा-मिलिमीटराच्या पाऊण हिश्शाहून किंचित अधिक वाढतो. हात खाली सोडला आणि मनगट हृदयापासून ४० सेंटिमीटर खाली आले, की मनगटातील दाब सुमारे ३० मिलिमीटरांनी वेगळा होतो. सामान्य माणूस आणि रुग्ण यांतील अंतरही एवढे नसते. दंडाच्या पट्ट्यालाही हा नियम चुकलेला नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली दाखविले की हात मांडीवर ठेवला तर वरचा दाब सुमारे ४ मिलिमीटरांनी, आणि बाजूला लोंबता ठेवला तर ६ मिलिमीटरांहून अधिक, असा फुगून येतो. आपल्याकडील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागांत उभ्या-उभ्या, बाही वर सारून, बोलता-बोलता घेतलेल्या दाबाचे काय होत असेल, याचा विचार या निमित्ताने व्हावयास हवा.

दुसरा प्रश्न कातडीच्या रंगाचा. करोनाच्या साथीत घरोघरी पोचलेले बोटाचे प्राणवायुमापक काळ्या वर्णाच्या रुग्णांतील प्राणवायूची घट गोऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा नजरेआड करीत होते, असे मिशिगन येथील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केले. ते साधन १९७४ साली जपानमध्ये निघाले होते. त्याची ही खोट सर्वांच्या डोळ्यांवर यावयास साडेचार दशके लागली. घड्याळातील हिरवा प्रकाश तर कातडीतील रंगद्रव्य अधिकच शोषून घेते. तेव्हा ज्या गणिताची घडण गोऱ्या माणसांच्या मनगटांवर झाली, ते विदर्भातील उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

मग जाणकार मंडळी काय म्हणतात? युरोपीय संघाने २०२२ मध्ये, आणि अमेरिकेतील हृदयरोगविषयक संघटनांनी ऑगस्ट २०२५ मधील मार्गदर्शक तत्त्वांत, पट्टा नसलेल्या यंत्रांच्या आकड्यांवर निदान वा उपचार ठरवू नयेत असाच सल्ला दिला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे धोरण मात्र हेलकावे खात आहे. जुलै २०२५ मध्ये व्हूप या कंपनीच्या मनगटी पट्ट्यातील रक्तदाबाचा अंदाज हे विनापरवाना वैद्यकीय उपकरण आहे, अशी ताकीद त्याने दिली. त्याच महिन्यात अक्तियाच्या कंकणाला विक्रीची अनुमती दिली. जानेवारी २०२६ मध्ये मात्र सर्वसाधारण आरोग्यासाठीच्या वस्तूंची मार्गदर्शिका बदलून अशा अंदाजांना काही अटींवर वाट करून दिली.

ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये निराळी वाट काढली. तिचे घड्याळ आकडा देतच नाही. तीस दिवसांच्या नोंदी पाहून 'आपणास उच्च रक्तदाब असण्याची चिन्हे आहेत, पट्ट्याने मोजून पाहा' एवढेच सुचविते. हा संयम वाखाणण्यासारखा आहे, तरी त्यातील हिशेब करून पाहावा. कंपनीच्याच माहितीनुसार ज्यांना हा विकार आहे अशा शंभरांपैकी सुमारे ४१ जणांना सूचना मिळते; ज्यांना तो नाही अशा शंभरांपैकी सुमारे ८ जणांना ती विनाकारण मिळते. आपला दाब ठाऊक नसलेली एक हजार माणसे घेऊ आणि त्यांतील दोनशे जणांना खरोखर विकार आहे असे धरू. दोनशेपैकी ८२ जणांना सूचना मिळेल, ११८ जणांना मिळणार नाही. उरलेल्या आठशेंपैकी ६४ जण उगाच धास्तावतील. ८२ जण वेळीच सावध झाले, हे लहान काम नव्हे. पण ते ११८ जण घड्याळाच्या मौनालाच प्रकृतिस्वास्थ्याचे प्रशस्तिपत्र समजले तर त्याची जबाबदारी कोणाची? उगाच धास्तावलेला माणूस दवाखान्यात जाऊन निश्चिंत होऊन परततो. निश्चिंत झालेला रुग्ण दवाखान्यात जातच नाही.

हे झाले महागड्या व तपासलेल्या यंत्रांचे. आपल्याकडे पंधराशे-दोन हजारांत मिळणाऱ्या घड्याळांपैकी कित्येकांना जुळणीची अट नाही, कोठे परीक्षा झाल्याचा दाखला नाही. आकडा मात्र '१२२/७९' असा अगदी शेवटच्या अंकापर्यंत नेमका उमटतो. खोक्याच्या तळाशी, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत आणि इंग्रजीत, 'वैद्यकीय उपयोगासाठी नाही' असे छापलेले असते. वरच्या बाजूस रक्तदाब मोजणारे घड्याळ म्हणून विकावयाचे आणि खालच्या बाजूस कानांवर हात ठेवावयाचे, या व्यवहाराला काय म्हणावे? कायदा नाही असेही नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायदेशीर व्याख्येत आली. किराणा दुकानदाराच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का नसला तर त्याला दंड होतो. पावशेर साखरेसाठी जी दक्षता, ती रक्तदाबासाठी नसावी हे अजब आहे. जे यंत्र मिलिमीटरांत आकडा दाखविते ते रक्तदाबमापक, मग खोक्यावर काहीही छापलेले असो, अशी सरळ भूमिका केंद्रीय औषध नियंत्रकांनी घ्यावयास हवी. परीक्षेचा दाखला नसेल त्याने आकडा दाखवू नये. दाखला असेल त्याने तो भारतीय माणसांवरील असल्याचे सांगावे आणि मर्यादा प्रादेशिक भाषांत, वाचता येतील अशा टायपात छापाव्या.

मात्र नियंत्रण झाले की काम भागले, असे कोणी समजू नये. या देशापुढील खरा प्रश्न ठोक्यागणिक दाब मोजण्याचा नसून एकदा तरी मोजण्याचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के यांचा दाब वाढलेला, किंवा त्यासाठी औषध चालू असलेला, आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वीस वर्षांवरील लोकांत, हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे गेले. जगात हा विकार असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नसतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्याला पत्ता नाही त्याच्या मनगटावर दोन हजारांचे घड्याळही बहुधा नसते.

याच्यावरील उपाय आपल्याच राज्यात चाललेला आहे, पण त्याच्या जाहिराती होत नाहीत. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. दंडाचे चांगले पट्टायंत्र, अॅम्लोडिपिनसारख्या स्वस्त गोळीपासून सुरू होणारा ठरीव उपचारक्रम, औषधाचा अखंड पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाला पुन्हा बोलावणारी परिचारिका, एवढीच त्याची सामग्री. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी या कामाचा पुरस्कार देऊन गौरव केला. अशी यंत्रे प्रत्येक शाळेत, तहसील कचेरीत आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली, ती वर्षाकाठी तपासून घेतली आणि पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवून, अर्ध्या तासात चहा-तंबाखू न घेता दाब घेण्याची शिस्त एका शिपायाला वा शिक्षकाला शिकविली, तर येणारा खर्च काही मनगटी घड्याळांच्या किमतीएवढाच होईल.

आणखी एका गोष्टीची चर्चा व्हावयास हवी. रात्रंदिवस गोळा होणारे हे आकडे राहतात कोठे? विमा नियामकांनी २०२० मध्ये आरोग्य राखणाऱ्या विमाधारकांना सवलती देण्यास कंपन्यांना मुभा दिली. आज जी सवलत आहे, तिचे उद्या अटीत रूपांतर होणे अवघड नाही. शाळा व कचेऱ्यांच्या सामूहिक विम्यासाठी घड्याळे फुकट वाटली जातील आणि मग ज्याचे आकडे चढे, त्याचा हप्ताही चढेल, तोही अशा आकड्यांवर की ज्यांच्या आधारे एखादा जबाबदार डॉक्टर गोळीही लिहून देणार नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आरोग्यविषयक माहितीला वेगळे, अधिक कडक कवच देत नाही. सर्व माहिती एकाच मापाने मोजतो. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटना महागाई भत्त्याच्या हप्त्यासाठी जेवढ्या जागरूक असतात, तेवढ्याच जागरूकतेने त्यांनी सामूहिक विम्याच्या कराराची ही कलमे वाचावी आणि सही करण्यापूर्वी मनगटावरील नोंदी विमा कंपनीस वा मालकास मिळणार नाहीत, असे लेखी मागून घ्यावे.